बंबाची तपासणी कोण करणार?

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या लहान शहरांत आगीच्या बंबाचा विषय एकाएकी चर्चेत आला आहे. त्याला कारणे दोन. पहिले कारण म्हणजे केंद्र सरकारची एक अधिसूचना. तिच्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पुरी झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. नगरपालिकांची वाहनेही या नियमात आली आणि वर्षानुवर्षे आवारात उभे असलेले जुने बंब भंगाराच्या यादीत गेले. दुसरे कारण पैशाचे. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांमधील अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. जुने गेले, नव्यासाठी निधी आला. आता गावोगाव नवे लाल बंब येतील, त्यांना झेंडूचे हार पडतील, नारळ फुटतील, छायाचित्रे छापून येतील. यात गैर काहीच नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. हार सुकून गेल्यावर, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तो बंब पाणी फेकतो की नाही हे कोण पाहणार?

मी आयुष्यभर मराठवाड्यातल्या नगरपालिकांची दप्तरे तपासली. स्थानिक निधी लेखापरीक्षेची नोकरी ही अशी की माणसाला कोणत्याही गावाचे देऊळ दिसण्याआधी त्या गावचा भांडार विभाग दिसतो. त्या भांडार विभागात एक जाडजूड वही असते. तिला पूर्वी सगळे ‘डेडस्टॉक रजिस्टर’ म्हणत. शासनाने तिचे मराठी नाव ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ असे केले. खुर्च्या, टेबले, घमेली, कंदील, पेट्रोमॅक्स आणि आगीचा बंब हे सगळे त्याच वहीत नांदत असत. लेखापरीक्षकाचे काम एवढेच की वहीत लिहिलेली वस्तू जागेवर आहे काय हे पाहणे आणि असल्यास समोर टिकमार्क करणे. खुर्ची आहे, टिकमार्क. बंब आहे, टिकमार्क. खुर्ची बसण्याच्या लायकीची आहे का हे निदान बसून तरी कळते. बंबाची लायकी आग लागल्याखेरीज कळत नाही.

एका गावी (नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तशी गावे पुष्कळ होती) मी बंब पाहायला मागे गेलो. गाडी स्वच्छ पुसलेली, पितळी घंटा चकचकीत. बंबावरच्या माणसाला विचारले, ‘काय मामा, चालू आहे ना?’ तो म्हणाला, ‘चालू आहे की साहेब, निस्तं पाणी उचलत नाही.’ त्याच्या बोलण्यात उपरोध अजिबात नव्हता. इंजिन सुरू होत होते, चाके फिरत होती, दिवे लागत होते. त्याच्या लेखी बंब चालू होता. वहीच्या लेखीही चालू होता.

आपल्याकडे म्हण आहे, ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’. बंब भलतीकडे असल्याचे दुःख त्या म्हणीत आहे. पण लहान गावांची खरी अडचण निराळी. बंब गावातच असतो, आगीच्या जागीही पोचतो, आणि तिथे जाऊन उभा राहतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजण्याचे कारण नाही. लंडनच्या १६६६ सालच्या मोठ्या आगीनंतर अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात कायदा झाला आणि लंडनच्या परिसरातल्या प्रत्येक चर्चहद्दीने स्वतःचा पंप व चामडी नळी बाळगावी असे ठरले. आगीच्या जागी पहिल्यांदा पोचणाऱ्या पंपाला बक्षीसही ठेवले. पंप घेतले गेले, चर्चच्या कोपऱ्यात ठेवले गेले आणि तिथेच राहिले. चार्ल्स डिकन्सच्या १८३६ सालच्या ‘स्केचेस बाय बॉझ’ या पुस्तकातल्या पहिल्याच प्रकरणात या पंपाची गंमत आली आहे. अठरा पोरे आणि एक माणूस वीस मिनिटे दांडा मारत राहतात. मग लक्षात येते की पंपात पाणी कसे भरायचे हेच कुणाला ठाऊक नाही. बक्षीस पोचण्याला होते, विझवण्याला नव्हते. आपल्या टिकमार्काची जातकुळी तीच.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ सालचा. त्यात आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे बाग करावी की न करावी, वाचनालय चालवावे की न चालवावे, असा पर्याय इथे नाही. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातही अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांत नोंदली गेली. कर्तव्य गावाचे, हे कागदावर पक्के झाले. पण ज्या गावाची घरपट्टी वसूल होता होत नाही, कर्मचाऱ्यांचे पगार अनुदानावर चालतात, त्या गावाने वर्षातून पन्नास-साठ वेळा लागणाऱ्या यंत्रावर खर्च करावा तरी किती? दर वर्षीच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री देखभालीला लागते. टायर घ्यावाच लागतो, कारण टायर फुटला तर गाडी हलत नाही आणि ते सगळ्यांना दिसते. नळी कुजली तर दिसत नाही.

नळीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. जुन्या तपासण्यांमध्ये ज्यांना खरोखर काम कळत होते ते अधिकारी बंबाकडे न जाता आधी नळीकडे जात. त्या वेळी होज म्हणजे विणलेल्या जाड कापडाची नळी. तिला आतून रबराचे अस्तर नसे. पाणी सोडले की धागे फुगून विणीची भोके बुजत आणि थोडे पाझरून नळी पाणी धरू लागे. अशी नळी ओली ठेवली की बुरशी धरते आणि कुजते. म्हणून अग्निशामक केंद्रात नळ्या उभ्या टांगून वाळवायला उंच मनोरा लागतो. लहान गावात मनोरा कुठला? नळ्या शाळेच्या भिंतीवर किंवा लिंबाच्या झाडावर वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि वाळवल्या जात होत्या याचेच तेव्हा मला कौतुक वाटे. अधिकारी काय करी? नळीची गुंडाळी पुरी उलगडायला लावी. उलगडताना घडीवर बोट फिरवी. नेहमी एकाच जागी घडी पडली तर तिथे धागा मोडतो, म्हणून घडी अधूनमधून बदलावी लागते. मग उंदराने कुरतडलेली जागा, मग दोन्ही टोकांच्या जोडण्या, आणि शेवटी त्या जोडणीतला रबरी वॉशर. चार आण्याचा तो वॉशर नसला की हजारोंच्या पंपाचे पाणी जोडणीतूनच रस्त्यावर सांडते. अशी तपासणी करायला अर्धा दिवस जाई आणि अधिकाऱ्याचे कपडे मळत. ज्याला दुपारपर्यंत तीन गावे उरकायची असत तो घंटा वाजवून बघे.

नंतर आतून रबर लावलेल्या नळ्या आल्या. त्या पाझरत नाहीत, टिकतात जास्त. पण त्याही उन्हात पडून राहिल्या की तडकतात. मराठवाड्याचे ऊन हे एक स्वतंत्र खाते आहे.

बंबांची वंशावळही पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या अग्निशामक दलात १९०७ साली मोटारीवरचा पहिला बंब आला. त्याआधी घोड्यांच्या गाड्या होत्या. लहान गावांत यांतले काहीच नव्हते. परळी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि बीड जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदार पाहत असे. आग म्हणजे आडावरून हातोहात घागरी, पखाली आणि वाळू. खरा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी सरकारने जमवलेले चाकावरचे ओढपंप (ट्रेलर पंप म्हणतात ते) युद्ध संपल्यावर मोकळे झाले आणि देशात कित्येक ठिकाणी नागरी अग्निशमनाची सुरुवात त्यांच्यावरच झाली. पंप दोन चाकांवर, मागे अडकवायची कडी, पुढे जीप किंवा ट्रॅक्टर. स्वतःची पाण्याची टाकी त्याला नसे. तो विहिरीशी किंवा हौदाशी नेऊन लावायचा, जाड सक्शन नळी पाण्यात सोडायची, हवा काढून पाणी ओढून घ्यायचे आणि पुढे फेकायचे.

इथे मराठवाड्याच्या जमिनीने एक पेच टाकला. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर चढवतो. हा दाब पाण्याला फार तर ३४ फूट चढवू शकतो. जोडण्यांतली गळती आणि नळीतले घर्षण धरले तर प्रत्यक्षात पंचविसेक फुटांच्या पलीकडे भरवसा नाही. बालाघाटाच्या काळ्या खडकात खणलेल्या विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात याहून कितीतरी खाली जाते. आगी लागतात त्याही त्याच महिन्यांत. कडब्याच्या गंजी वाळून कोळ झालेल्या असतात, वारे सुटलेले असते, चुलीतली ठिणगी उडते. म्हणजे ज्या महिन्यात पंपाची गरज सगळ्यात जास्त, त्या महिन्यात विहिरीच्या काठावर ठेवलेला चांगला पंपही पाणी उचलणार नाही. त्याचे यंत्र बिघडलेले नसते. हवेचा दाब कमी पडतो. हे समजून घेतलेला अधिकारी तपासणीला भाद्रपदात येत नसे. निदान येऊ नये. भाद्रपदात सगळेच पंप पाणी उचलतात.

पंपाची हवा धरण्याची एक सोपी परीक्षा आहे. सक्शन नळीच्या टोकाला टोपण लावायचे, आतली हवा काढायची, इंजिन बंद करायचे आणि काट्याकडे मिनिटभर पाहत राहायचे. काटा जागेवर राहिला तर पंप घट्ट आहे. भराभरा घसरला तर कुठेतरी गळती आहे. या परीक्षेला पाण्याचा थेंब लागत नाही. दुष्काळातही करता येते. तरी जुन्या तपासणी टिप्पण्यांत ही परीक्षा केल्याची नोंद मला फार थोड्या ठिकाणी सापडली. ‘वाहन सुस्थितीत आढळले’ हे वाक्य मात्र सर्वत्र, जणू छापून आणलेले.

पुढे टाकी असलेले बंब आले. ट्रकच्या सांगाड्यावर साडेचार हजार लिटर पाणी आणि पंप, असा नमुना देशभर रूढ झाला. लोकांना वाटते, एवढी मोठी टाकी म्हणजे आग विझलीच. जरा हिशेब करू. मिनिटाला १८०० लिटर पाणी फेकणारा पंप पूर्ण जोराने चालवला तर ही टाकी अडीच मिनिटांत रिकामी होते. एकच नळी हात आखडता घेऊन सोडली तरी दहा-बारा मिनिटे. त्यानंतर बंब पाणी आणायला जातो. पुन्हा किती वेळाने येतो, हा त्या गावाच्या अग्निशमनाचा खरा आकडा आहे, आणि तो कोणत्याही नोंदवहीत नसतो.

आता परळीकडे वळू. परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या नव्वद हजारांच्या घरात होती. अग्निशमनासाठी केंद्राच्या स्थायी सल्लागार समितीने घालून दिलेले प्रमाण असे की तीन लाख वस्तीपर्यंत दर पन्नास हजारांमागे एक बंब असावा. त्या हिशेबाने परळीला दोन. पण परळीत जळू शकणाऱ्या गोष्टींची यादी केली तर हे डोक्यामागचे प्रमाण तोकडे वाटू लागते. जुन्या गावात माळवदाची घरे आहेत. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर; छपरापेक्षा ते आगीला पुष्कळ दाद देत नाही, आपल्या वाडवडिलांचे हे शहाणपण. पण तुळईने एकदा पेट घेतला तर तीच माती डोक्यावर येते आणि विझवणाऱ्याला आत जाता येत नाही. मोंढ्यात धान्य, सरकी, बारदान. देवळाकडच्या बाजारात प्रसादाची, कपड्यांची, प्लास्टिकच्या खेळण्यांची दुकाने खेटून. महाशिवरात्रीच्या यात्रेत त्यांत पाल, मंडप आणि गॅसच्या शेगड्यांची भर.

कापसाची आग ही तर स्वतंत्र जात आहे. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा खरेदी केंद्रांवर उघड्यावर कापसाचे डोंगर रचले जात. मराठवाड्यातल्या बंबवाल्यांना त्या आगींनी फार छळले. कापसाची आग वरून विझते आणि आत धुमसत राहते. रुईच्या गाठीवर पाणी मारले तर ते वरूनच ओघळून जाते. गाठ फोडून आतला भाग वेगळा करावा लागतो. दोन-दोन दिवस माणसे राबत. तिथे साडेचार हजार लिटरची टाकी म्हणजे तापल्या तव्यावर शिंतोडा.

आणि परळीचे औष्णिक विद्युत केंद्र. १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने त्याची सुरुवात झाली. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले. कोळशाचे ढीग स्वतःच्याच उष्णतेने आतून पेटतात, तेलाच्या टाक्या असतात, रोहित्रे असतात. त्यामुळे अशा केंद्राला स्वतःची अग्निशमन व्यवस्था ठेवावीच लागते. माझ्या मते परळीसारख्या गावाचे हे मोठे भांडवल आहे. शिकलेली माणसे आणि साधने गावाच्या वेशीवर आहेत. गाव आणि कारखाना यांच्यात लेखी करार हवा. कोण कोणाला, कोणत्या क्रमांकावर, किती मिनिटांत मदत करणार हे आधी ठरलेले हवे. ओळखीपाळखीवर चालणारी मदत रात्री दोन वाजता चालत नाही.

मदतीचा मुद्दा आला म्हणून अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची गोष्ट सांगतो. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तिथे मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. रेल्वेने आले. पण त्यांच्या नळ्यांच्या जोडण्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. मदत समोर उभी आणि शहर जळते आहे. पंधराशेवर इमारती गेल्या. त्यानंतर त्या देशात जोडण्यांच्या एकसारखेपणाला वेग आला. भारतीय मानकांनीही आपल्याकडे ६३ मिलिमीटरची, दाबताच बसणारी जोडणी रूढ केली आणि हे फार चांगले झाले. तरी परळीच्या मदतीला अंबाजोगाईचा बंब यायचा तर अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. रस्ता चांगला, चालक तयार, टाकी भरलेली, असे सगळे जुळले तरी अर्धा तास. तेवढ्यात दुकान संपलेले असते. म्हणून शेजारच्या गावाचा बंब आग पसरू नये यासाठी. पहिली दहा मिनिटे गावाची स्वतःची.

आणि पाणी. २०१३ च्या आरंभी आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत परळीचे वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. जिथे वीज तयार करायला पाणी नाही, तिथे बंबाची टाकी कशाने भरायची? अशा दिवसांत गावोगावी बंबच टँकर होतात. वस्तीत पाणी वाटायला, कधी सभेचे मैदान शिंपायला, कधी पाहुणे यायचे म्हणून रस्ता धुवायला. तहानलेल्या माणसाला पाणी देऊ नये असे कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. पण वाटपाहून परतलेल्या बंबाची टाकी रिकामी असते, आणि रिकाम्या टाकीचा बंब म्हणजे रंगवलेला ट्रक. दुष्काळी गावात अग्निशमनासाठी वेगळा राखीव हौद हवा. पिण्याच्या पाण्याचा नको, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचाही चालेल. आगीला त्याची चव कळत नाही.

आता माणसांकडे येतो. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरचे अग्निशमन अधिकारी तिथे शिकतात. महाराष्ट्राच्या मातीत एवढी मोठी संस्था असताना आपल्याच लहान गावांत बंबावर कोण असते? बहुतेक ठिकाणी एक कायम चालक आणि बाकी रोजंदारीची किंवा कंत्राटी पोरे. पाणीपुरवठ्यातून उसनी आणलेली, सफाईतून बदललेली. त्यांतली कित्येक पोरे फार धीटपणे काम करतात; साध्या चपलेवर, नाकाला ओला रुमाल बांधून धुरात शिरतात. धिटाईला माझा नमस्कार आहे. पण धुरात माणूस भाजण्याआधी गुदमरतो, आणि ओला रुमाल विषारी वायू अडवीत नाही. श्वसनयंत्र पेटीत असते. पेटीला कुलूप असते. किल्ली भांडारपालाकडे असते, कारण ते यंत्र महाग आहे आणि हरवले तर लेखापरीक्षक आक्षेप घेईल. यंत्र जपण्याच्या या पद्धतीत आमच्या खात्याच्या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

१४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. लहान गावात त्या दिवशी बंब धुतात, शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक होते, मुले टाळ्या वाजवतात. त्याच दिवशी आंबेडकर जयंतीची मिरवणूक असते आणि बंब तिथेही उभा करावा लागतो. वर्षभरात बंबाचे पाणी जाहीरपणे उडते ते बहुधा याच आठवड्यात. मला वाटते, हे प्रात्यक्षिकच तपासणी म्हणून नोंदवावे. मुलांसमोर नळी फुटली तर तिची नोंद व्हावी.

आता कायद्याकडे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. डिसेंबर २००८ पासून तो अमलात आला. त्याप्रमाणे मोठ्या इमारतींच्या मालकांनी परवानाधारक संस्थेकडून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत आपली आगविरोधी साधने सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यायचे असते. कल्पना उत्तम. मालक देतात की नाही, देतात ते पाहून देतात की न पाहता, हा भाग सोडू. रुग्णालयांच्या बाबतीत काय झाले ते आपण पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले अकरा रुग्ण गेले. दोन्ही इमारती सरकारच्या. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांची तपासणी झाली आणि इमारतींकडे बोट दाखवणारे पुष्कळ कागद तयार झाले.

माझा मुद्दा असा की इमारतीला ‘ब’ नमुना आहे, बंबाला नाही. दुकानदाराला साधे नळकांडे तपासून घ्यायची सक्ती; मात्र त्याला नोटीस देणाऱ्या नगरपालिकेचा स्वतःचा पंप मिनिटाला किती पाणी फेकतो हे त्याला विचारता येत नाही. पूर्वी निदान कुणीतरी येऊन घंटा तरी वाजवी, शेरा पुस्तिकेत दोन ओळी लिही, आणि त्या ओळींवर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल मागवला जाई. त्या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही. तिच्यात ढोंग पुष्कळ होते. पण विचारणारा एक माणूस होता.

पंधरा वर्षांच्या नियमाचेही तसेच. वय ही तपासणी नव्हे. लहान गावच्या बंबाला वर्षाला साठ वर्द्या धरल्या आणि प्रत्येकीचे जाऊन-येऊन दहा किलोमीटर धरले, तर पंधरा वर्षांत तो नऊ हजार किलोमीटर चालतो. एखादी जीप हे अंतर वर्षात तोडते. पण किलोमीटरही फसवे आहेत, कारण बंबाचे इंजिन उभ्या जागी पंप चालवताना झिजते. त्याचे खरे वय पंपाच्या तासांत मोजावे लागते, आणि लॉगबुकात किलोमीटर लिहितात, तास लिहीत नाहीत. परिणामी चांगला पंप वयामुळे भंगारात जातो आणि पाच वर्षांचा बिघडलेला पंप तरुण म्हणून सेवेत राहतो. रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी आणि धुरासाठी जुन्या गाड्या काढणे समजण्यासारखे आहे. परंतु भंगारात देण्याआधी पंप उतरवून तपासला आणि चालण्याजोगा असल्यास चाकाच्या सांगाड्यावर बसवून यात्रेसाठी, मोंढ्यासाठी ठेवला, तर कोणताही नियम मोडत नाही.

नव्या पैशातून काय घ्यावे याचे प्रस्ताव आता पालिकांतून जात असतील. त्यांत गाड्या पहिल्या क्रमांकावर असतील, कारण गाडी दिसते. मी सुचवीन की गाडीच्या किमतीतला काही भाग पुढच्या दहा वर्षांच्या नळ्या, वॉशर आणि बॅटरी यांच्यासाठी आधीच बाजूला टाकावा. बॅटरी हा शब्द मुद्दाम लिहिला. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी वर्दी मिळताच सुरू होत नाही, याचे कारण दहातल्या आठ वेळा बॅटरी असते. मी एका गावी बंब उतारावर उभा केलेला पाहिला होता. ‘इथं का उभा केला?’ म्हणून विचारले तर चालक म्हणाला, ‘ढकलायला माणसं लागत नाहीत साहेब, ब्रेक सोडला की चालू.’ त्या माणसाला स्टेशन ऑफिसर करायला हरकत नव्हती.

तपासणी कशी असावी, याचा माझा स्वतःचा नमुना एका पानाचा आहे. दिवस मे महिन्यातला, वेळ दुपारची, आगाऊ सूचना नाही. गावातल्या कोणत्याही माणसाने १०१ फिरवायचा आणि घड्याळ लावायचे. (हा क्रमांक लागला नाही तर तिथेच पहिला शेरा, लहान गावात लोक चालकाचा मोबाइल क्रमांक पाठ करून ठेवतात आणि चालक बदलला की सगळे गाव क्रमांक शोधत बसते.) बंब मोंढ्यात पोचायला किती मिनिटे लागली ते लिहायचे. पाणी नळीच्या तोंडातून बाहेर पडायला किती, ते लिहायचे. टाकी रिकामी होईपर्यंत चालवायची आणि भरून परत यायला किती वेळ लागला ते लिहायचे. नळी कुठे फुटली ते लिहायचे. शेवटी श्वसनयंत्राची पेटी उघडायला सांगायची आणि किल्ली यायला लागलेली मिनिटेही लिहायची. हे पाचही आकडे त्याच दिवशी नगरपालिकेच्या दारावरच्या फळ्यावर खडूने लिहावेत. घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लावतात, त्याच फळ्यावर.